गंगावनाचं गाऱ्हाणं

गंगावन मागवण्याआधी माणसाला काय काय ठाऊक असावं, हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. विहीर खणायची तर पाणी बघणारा माणूस बोलावतात, मुलगी करायची तर दहा घरी चौकशी करतात, साधी म्हैस घ्यायची तरी तिचे दात बघतात. गंगावन, म्हणजे वेणीला जोडायचे विकतचे केस, मात्र बायका कोणाला न विचारता, दाराला कडी लावून मागवतात आणि मग माझ्यासारख्या तोंडघशी पडतात. मी गेली एकवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. चार जणांना चार गोष्टी समजावून सांगायची मला सवय आहे. तेव्हा माझी जी शोभा झाली, ती मीच सांगितलेली बरी. नाहीतरी मालवणच्या बाजाराला आमच्या गावच्या बायका जातात तेव्हा माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतातच.

त्र्याऐंशी सालच्या गणपतीत मला टायफॉईड झाला. गौरी गेल्या, गणपती गेले, ताप काही जाईना. शेवटी ताप गेला तो माझे केस घेऊन गेला. उशीवर केस, ताटात केस, विहिरीवर कळशीत केस. दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यावर जे उरलं, त्याची वेणी घातली की ती उंदराच्या शेपटीएवढी दिसे. उंदरानंही ती आपली म्हणून सांगितली नसती.

आता केस काय, कोणाचेही जातात. पण माझ्या केसांची गोष्ट निराळी होती. बावीस वर्षांपूर्वी मला बघायला आमच्या नणंदबाई, म्हणजे जानकीवन्सं, कणकवलीहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं नाही, मॅट्रिकला किती मार्क होते तेही विचारलं नाही. मला पाठमोरी उभी केली, माझी वेणी स्वतःच्या हातानं मोजली, दोन हात आणि वर चार बोटं भरली आणि तिथल्या तिथे "पसंत" म्हणून मोकळ्या झाल्या. ज्यांचं लग्न व्हायचं होतं त्यांचं मत नंतर, मी चहा देऊन आत गेल्यावर विचारलं म्हणे.

तेव्हापासून प्रत्येक कार्यात वन्सं माझे खांदे धरून मला गर्रकन वळवत आणि चार बायकांना माझी पाठ दाखवत. ही बघा, ही मी निवडलेली. मी पुढे बी.ए. झाले, वर्ग चौथीचा निकाल शंभर टक्के लावला, पण वन्संच्या लेखी माझं सगळं कर्तृत्व माझ्या पाठीवर होतं. आणि येत्या वैशाखात त्यांच्या मुलाचं लग्न कणकवलीला ठरलं होतं. नवऱ्या मुलाची मामी म्हणून मला पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं. वन्सं माझे खांदे धरणार, मला वळवणार, आणि पाठीवर उंदराची शेपटी. नुसत्या विचारानं मला पुन्हा ताप येईल असं वाटे.

शेजारच्या काशीबाईंनी आधी औषधोपचार हातात घेतले. काशीबाईंना सल्ला विचारावा लागत नाही, तो वईवरून, म्हणजे मधल्या कुंपणावरून, आपोआप येतो. जास्वंदीचा पाला झाला, माक्याचा रस झाला, कांदा झाला. डोक्याला कांदा लावून मी दोन दिवस शाळेत गेले तेव्हा पहिलीची मुलं रडायला लागली आणि मला वाटलं, बाईंच्या आजारपणानं पोरांचा जीव कळवळला. मग काशीबाईंनी त्यांच्या ओळखीच्या मासेवाल्या गाबतिणीकडून मोरीच्या काळजाचं तेल आणलं. मोरी हा मासा केवढा असतो आणि त्याचं काळीज केवढं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाटलीचं बूच काढलं तेव्हा आमचा दगडी गडगा ओलांडून तीन मांजरं आली.

ते तेल मी आठ दिवस लावलं. रोज सकाळी मी शाळेला निघाले की मागून मांजरं निघत. पहिल्या दिवशी तीन होती, शनिवारपर्यंत अकरा झाली. ती वर्गाबाहेर ओळीनं बसून राहत आणि शाळा सुटली की माझ्याबरोबर घरी येत. त्या आठवड्यात नेमके विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी हजेरीपट तपासला, मांजरांकडे बघितलं आणि शेऱ्याच्या वहीत "उपस्थिती समाधानकारक" असं लिहिलं. तो शेरा मुलांबद्दल होता असं मी आजही धरून चालते. घरी यजमानांनी आपलं अंथरूण पडवीत हलवलं. विचारलं तर म्हणाले, पडवीत वारा चांगला येतो.

आमचे यजमान पंचायत समितीत लिपिक आहेत. घरात काहीही घडलं की त्यांना ते फाईलसारखं दिसतं. डाळ करपली तर ते आधी "यास जबाबदार कोण" एवढं बघतात आणि मग खातात. माझ्या केसांबद्दल त्यांनी इतक्या महिन्यांत एक अक्षर काढलं नव्हतं. विषय विचाराधीन आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसत असे.

तेल बंद झालं, मांजरं ओसरली, आणि मी गुपचूप एका साप्ताहिकातली जाहिरात कापून ठेवली. मुंबईतलं दुकान, अस्सल केसांची गंगावनं, व्ही.पी.नं घरपोच, पैसे पार्सल हातात आल्यावर, बाहेरून काही कळणार नाही असं बांधून मिळेल. सोबत आपल्या केसांचा नमुना पाठवावा. इथे पहिली गोष्ट सांगून ठेवते. नमुना पाठवताना डोकं धुतलेलं असावं. मी तेल लावलेल्या डोक्याचे चार केस कागदात गुंडाळून पाठवले. दुकानदाराचं उत्तर आलं की नमुना मिळाला, कृपया पुन्हा धुऊन पाठवावा, दुकानात मांजर आहे. दुसरी गोष्ट, गंगावन नुसतं डोक्यावर राहत नाही, ते बांधायला आधी स्वतःचे थोडेतरी केस लागतात. ही गोष्ट जाहिरातीत लिहीत नाहीत. माझे जेमतेम पुरणार होते. तिसरी गोष्ट पत्त्याची.

पत्ता मी वळणदार अक्षरात लिहिला आणि शेवटी "जि. सिंधुदुर्ग" असं ठळक लिहून त्याखाली रेघ ओढली. आपला जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन तीन वर्षं होत आली होती आणि मुलांकडून मी तो रोज पाठ करून घेत होते. पण जे चौथीच्या मुलांना कळलं ते मुंबईपर्यंत पोहोचलं नसावं. दुकानानं कळवलं की पार्सल पौष महिन्यात रवाना केलं आहे. माघ लागला तरी पार्सल नाही. मी वरच्या पोस्टाला तक्रारीचं पत्र टाकलं. त्यांचा छापील फॉर्म आला. त्यात हरवलेल्या वस्तूचं वर्णन, वजन, लांबी आणि "वस्तूचा उपयोग" असे रकाने होते. उपयोगाच्या रकान्यात काय लिहायचं यावर मी दोन रात्री विचार केला आणि "वैयक्तिक" असं लिहिलं. फॉर्म परत आला. वैयक्तिक म्हणजे काय ते स्पष्ट करावं, आणि आपण लिहिलेला जिल्हा आमच्या यादीत आढळत नाही, सबब आपला खरा जिल्हा कळवावा.

यजमानांना सांगावंच लागलं. त्यांनी तो फॉर्म चष्मा लावून वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी तेज आलं. ते म्हणाले, फॉर्म बरोबर आहे, मीही हेच विचारलं असतं. मग त्यांनी जिल्हानिर्मितीचा शासन निर्णय नकलून तीन प्रतींत पाठवला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

गावातलं पोस्ट म्हणजे गणपतच्या घराची ओसरी. पोस्टमास्तरही तोच आणि पत्रं वाटणाराही तोच. मी रोज शाळेतून येताना तिथे डोकावत असे आणि गणपत खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवत असे. त्याला मूळव्याधीचा त्रास. त्यामुळे तो उठून काही शोधेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नसे.

शेवटी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, पण घरात काय चाललं आहे ते त्यांना भिंतींकडून कळतं. त्या म्हणाल्या, वस्तू हरवली तर देवीकडे गाऱ्हाणं घालायचं, त्यासाठी सरकार कशाला. शिमग्याला गाव जमेल तेव्हा दाजींना सांगते. दाजी म्हणजे आमच्या ग्रामदेवी सातेरीचे गावकर. गावाच्या वतीनं देवीशी बोलण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या मुलाचं मुंबईत काम होत नाही, कोणाच्या कलमांना मोहोर नाही, जे असेल ते दाजी देवीसमोर उभे राहून सांगतात आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतो. मी आधी नको म्हटलं. मग विचार केला, "एक वस्तू हरवली आहे" एवढंच सांगायचं असेल तर हरकत नाही. सासूबाईंना मी हे तीनदा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं मान फार छान डोलावतात.

शिमग्याच्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून आलेले चाकरमानी होते, माझ्या शाळेची सगळी मुलं होती, त्यांचे आईबाप होते. मी बायकांत काशीबाईंजवळ, डोक्यावरून पदर घेऊन उभी होते. नंतर कळलं की दाजींनी सासूबाईंना खोदून खोदून विचारलं होतं. देवीला अर्धवट सांगून चालत नाही. मागे एकदा नुसतीच "वस्तू" म्हणून गाऱ्हाणं घातलं तर शेजारच्या गावची म्हैस आमच्या गावात येऊन उभी राहिली आणि भांडण कोर्टापर्यंत गेलं. त्यामुळे यावेळी दाजींनी सगळा तपशील पाठ केला होता.

दाजींनी हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवी सातेरी माये म्हाराजा, आज सणाक तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गावची मास्तरीण, मधूची बायल रुक्मिणी. गेल्या गणपतीत तिका टायफॉड झालो, आणि तिच्या डोक्यावरचे केस गेले."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. माझे विद्यार्थी सगळ्यात मोठ्यानं म्हणाले. पाढे म्हणताना हा आवाज कुठे जातो कोण जाणे.

"तिना मुंबयसून दीड हात गंगावन मागवल्यान. रंग काळो. ता अजून इला नाय. कोणी चुकान नेल्यान आसात तर तेका बुद्धी दी. पोस्टात पडला आसात तर पोस्टाक बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा." इथे आवाज दुप्पट झाला, कारण गणपतवर राग सगळ्यांचाच होता.

"वैशाखात कणकवलेक जानकीच्या झिलाचा लगीन आसा. थंय हिची लाज राख. आणि ही गजाल जानकीच्या कानार जाव नको."

"व्हय म्हाराजा," तीनशे माणसं एका सुरात म्हणाली.

मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण धरणीवर माणसं इतकी दाटीनं उभी होती की तिला ते जमलं नसतं. काशीबाई शेजारून माझ्या पाठीवर थोपटत होत्या. आपलं मोरीचं तेल या गाऱ्हाण्यात आलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं असावं. आणि दाजींचं संपलं नव्हतं. गाऱ्हाणं घातलं की देवीला काहीतरी कबूल करावं लागतं, बहुतेक जण नारळ करतात. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांच्या कानात काही बोलल्या. दाजींनी ते मोठ्यानं सांगितलं, गंगावन मिळालं तर पहिला मान देवीचा. सासूबाई नारळाच्या बाबतीत थोड्या हात आखडून असतात.

आता मी विज्ञान शिकवते. पण घडलं ते सांगितलं पाहिजे. "पोस्टाक बुद्धी दी" या वाक्याला गणपतही त्या गर्दीत "व्हय म्हाराजा" म्हणाला होता. घरी जाऊन तो खुर्चीत बसला, आणि बसल्या क्षणी आपण कशावर बसतो याचा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला. महिन्यापूर्वी एक मऊ पुडकं आलं होतं. चार ठिकाणचे शिक्के, खोडलेले जिल्हे आणि पुन्हा लिहिलेले जिल्हे यांत पत्ता दिसत नव्हता. निर्णय होईपर्यंत ठेवावं म्हणून त्यानं ते बाजूला ठेवलं आणि मऊ आहे असं बघून खुर्चीत घेतलं. महिनाभर त्याचा त्रास निम्म्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ते पुडकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पश्चात्तापाचं होतं की मूळव्याधीचं, हे मी विचारलं नाही.

गंगावन पोह्याच्या पापडासारखं चपटं झालं होतं. मी ते शिकेकाईनं धुतलं, सावलीत वाळवलं आणि ते काय सुंदर निघालं म्हणून सांगू. दाट, काळंभोर, टोकाला किंचित वळलेलं. माझे स्वतःचे केस भर तारुण्यात असे नव्हते. ते हातात घेऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि खरं सांगते, मला रडू आलं. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि ते माझ्या हातातून घेऊन देवळाकडे निघाल्या. पहिला मान देवीचा. मी म्हटलं, एकदा लावून तरी बघते. त्यांना ऐकू आलं नाही.

देवीच्या चांदीच्या मुखवट्यामागे दाजींनी ते गंगावन बांधलं आणि त्यावर अबोलीचा वळेसर माळला. संध्याकाळपर्यंत गाव लोटला. जी ती बाई म्हणे, देवी किती साजरी दिसते. काशीबाईंनी तर देवी आता तिशीची वाटते असा निर्वाळा दिला. मीही हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, दोन दिवस मिरव आणि परत दे.

पण परत घ्यायचं तर कौल लावावा लागतो. देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुढच्या सोमवारी दाजींनी कौल लावला. गंगावन मास्तरीणबाईंना परत द्यायचं काय? डावी कळी टपकन पडली. दाजी म्हणाले, देवीचं मन भरलं नाही, पुढच्या सोमवारी बघू. पुढच्या सोमवारी त्यांनी प्रश्न बदलला, कायमचं नको, लग्नापुरतं दोन दिवस उसनं. डावी कळी पडली. यजमान म्हणाले, हा अंतिम आदेश आहे, यावर अपील नाही.

मी हार मानली नाही. मी दाजींना बाजूला घेऊन गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला खिडकी आहे, वारा लागून त्या बाजूची कळी आधी वाळते आणि पडते, यात देवीचा संबंध नाही. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिडकीला फळी लावून घेतली. लग्नाच्या आदल्या सकाळी तिसरा कौल लावला. या खेपेला कुठलीच कळी पडेना. अर्धा तास झाला, तास झाला. कणकवलीची एस्टी साडेदहाची होती. बाहेर यजमान दर पाच मिनिटांनी खोकत होते. मी कळीकडे एकटक बघत होते आणि कळी माझ्याकडे. दहा वाजून वीस मिनिटांनी एस्टीचा हॉर्न वाजला आणि दाजी हलकेच म्हणाले, "बाई, तिका ता आवडला हा. आता सोडा."

मी एस्टीत बसले. रस्ताभर खिडकीला डोकं टेकवून मी एकच प्रार्थना करत होते, ती सातेरीला नव्हती. तिच्यावर मी रुसले होते.

लग्नघरी पोहोचले तेव्हा मी डोक्यावरून पदर इतका घट्ट घेतला होता की कानांना ऐकू कमी येत होतं. वैशाखातलं ऊन, मांडवात दोनशे माणसं, आणि मी कीर्तनाला बसल्यासारखी. एका बाईनं विचारलं, उकडत नाही का? मी म्हटलं, टायफॉईडपासून मला थंडी वाजते. पण जे घडत होतं ते भलतंच होतं. मी ओसरीवर गेले की बायका उठून उभ्या राहत. मला पाटाऐवजी खुर्ची आणून दिली. माझ्याकडे बघत कुजबुजत आणि मी बघितलं की गप्प होऊन हात जोडत. एका तरुण सुनेनं तर वाकून नमस्कार केला आणि मुलगा होऊ दे म्हणाली. मला कळून चुकलं की ही उघड उघड चेष्टा आहे. गाऱ्हाणं इथवर पोहोचलं आणि या लोकांनी ठरवून माझी मस्करी मांडली आहे. माझ्या अंगाची लाही झाली. आल्या पावली परत जावं असं वाटलं, पण परतीची एस्टी दुसऱ्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वन्संनी माझे खांदे धरले नाहीत. अक्षता पडल्या तेव्हा त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तशी त्यांनी मला हाताला धरून फणस ठेवलेल्या कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आता मला बोलणं भाग होतं. दिवाळीपासून मी या क्षणाला भीत आले होते आणि आता तो आलाच होता.

"वन्सं, देवीक घातलेले ते केस माझे नाय होते," मी म्हटलं. "मुंबयसून मागवलेले."

"माका म्हायत आसा," वन्सं म्हणाल्या. "शिमग्याच्या दुसऱ्या दिशी पयल्या एस्टीन माका सगळा कळला. दीड हात, रंग काळो."

तीनशे माणसांनी देवीसमोर दिलेला शब्द एक रात्रही टिकला नव्हता. मी विचारलं, मग बाहेरच्या बायका माझी अशी थट्टा का करतात.

"थट्टा नाय गो. मी तेंका सांगलंय, आमच्या वयनीचे केस सातेरीक इतके आवडले की तिना मागून घेतल्यान. तीनदा कौल लावलो तरी परत देवक नाय. ह्यात खोटा काय आसा?"

मी शिक्षिका आहे. यातलं खरं किती आणि खोटं किती हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकले असते. पण मी एवढंच विचारलं की हे कशासाठी.

वन्सं एका फणसावर टेकल्या. "बावीस वर्सां मी लोकांका सांगत इलंय, ही माझी पसंती. आता लोकांनी तुझा डोक्या बघून म्हणाचा, जानकीक कायएक कळना नाय? त्यापरास देवीचा नाव घेतलंय. जा माका पसंत पडला ता देवीक पसंत पडला, इतक्याच." मग त्यांनी माझा पदर माझ्या हातातून सोडवला. डोक्याकडे बघितलं. बावीस वर्षांपूर्वी मोजलेल्या त्या हातानं उरलेल्या चार केसांवरून हात फिरवला आणि त्यांचा आवाज बदलला. "तुझो ताप उतरना नाय म्हणून निरोप इलो तेव्हा मी रात्रभर निजाक नाय. केस गेले तर जावंदेत. तू रवलंस."

केस सोडून वन्सं माझ्याबद्दल बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, टायफॉईडातही रडले नव्हते तेवढी. त्यांनी मला रडू दिलं. मग पदरानं माझे डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या की आता भायर चल, आणि पदर घेव नको, लोकांका बघूक होया.

मी उघड्या डोक्यानं मांडवात आले. वन्संनी माझे खांदे धरले आणि गर्रकन मला पाठमोरी वळवली. ही बघा, हिचे केस देवीन मागून घेतल्यान. बायकांत एक दबका उद्गार उमटला. वारा डोक्याला लागला तो आठ महिन्यांत पहिल्यांदाच, आणि बरं वाटलं. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या पायांपाशी वाकू लागली. तिला थांबवून चार गोष्टी समजावून सांगणं हे माझं कर्तव्य होतं. गंगावन कुठून येतं, कळी का पडते, माणसानं माणसाच्या पाया का पडू नये, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं.

म्हातारीला वाकायला त्रास होत होता. मी पाय जरा पुढे केले.